काय बदलले, काय पुन्हा करायचे?

सोलापूरच्या जकार्ड मागावर चादर विणली जाते, तेव्हा तिची नक्षी भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेत साठवलेली असते. कोणते भोक आहे, कोणते नाही, यावरून ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे ठरते. पण त्याआधीची कामे दोन वाटांनी येतात. एकीकडे सूत रंगवणे, वाळवणे, ताणा तयार करणे; दुसरीकडे आलेख कागदावर नक्षी काढून त्याबरहुकूम कार्डे पाडणे. आता नक्षीतले एक फूल बदलले, तर सूत पुन्हा रंगवायचे का? अर्थातच नाही. तेवढीच कार्डे नवी पाडून माळेत ओवायची आणि विणायला घ्यायचे.

मोठी संगणक प्रणाली अशीच बांधली जाते. ती शेकडो धारिकांत लिहिलेली असते. प्रत्येक धारिकेचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे आणि मग सारे तुकडे जोडायचे. एका धारिकेत बदल झाला की तिचे आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांचे रूपांतर पुन्हा करावे लागते. ते राहून गेले तर काय होते? १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ बरोबर असलेल्या कार्यक्रमातली चूक शोधण्यात गेली. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त त्या धारिकेचे रूपांतर पुन्हा झाले नव्हते! यावरून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिले.

‘मेक’ला एक कृतिपत्रिका द्यावी लागते: काय बनवायचे, ते कशापासून बनते आणि कोणत्या आज्ञेने. मग ते धारिकांच्या वेळा पाहते. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा दिसला, की तेवढे काम पुन्हा करते. युक्ती इतकी साधी आहे, की संगणकाचे घड्याळ चुकले तर ‘मेक’ही फसते.

खरी अडचण अनेकजण मिळून काम करतात तेव्हा येते. समजा, एकाने नवी धारिका जोडली, पण ती कशावर अवलंबून आहे हे पत्रिकेत लिहिलेच नाही. त्याच्या संगणकावर आधीचे तुकडे पडून असल्याने सारे सुरळीत चालते. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र बांधणी मोडते. किंवा मोडत नाही आणि जुनाच तुकडा गुपचूप जोडला जातो. आमच्या मते हे दुसरे जास्त वाईट, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून कार्यक्रमातला बदल आणि पत्रिकेतला बदल एकत्रच नोंदवायचा आणि अधूनमधून रिकाम्या जागी पहिल्यापासून सगळी बांधणी करून पाहायची, अशी पद्धत आहे. पत्रिकेत एखाद्याच्या स्वतःच्या संगणकावरचा पत्ता लिहिलेला असेल, तर तोही याच वेळी उघडा पडतो.

एकदा लोक पत्रिका वापरू लागले की तिचे नियम बदलणे जड जाते. ‘मेक’मध्ये आज्ञेच्या ओळीआधी ‘टॅब’ लागतो, साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते, त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. आजही नवशिके त्याच टॅबला अडखळतात.

वर्गात हे संगणकाविना करून पाहता येईल. चादरीच्या प्रत्येक कामाची एकेक चिठ्ठी करून फळ्यावर लावा आणि बाणांनी जोडा. मग मुलांच्या नकळत एक बाण पुसा, ‘सुताचा रंग बदलला’ असे जाहीर करा आणि कोणती कामे पुन्हा करायची ते त्यांना केवळ बाण पाहून सांगू द्या.