समुद्रतळीचे निर्मनुष्य दप्तर

स्कॉटलंडच्या उत्तरेस, जेथे भरतीचा ओघ ताशी नऊ मैलांपर्यंत वेग धरतो आणि वादळात साठ फुटांच्या लाटा उठतात, त्या ऑर्कनी द्वीपसमूहालगतच्या समुद्रात मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली एक पोलादी नळकांडे ११७ फूट खोल तळाशी नेऊन बसविले. चाळीस फूट लांबीच्या त्या पात्रात बारा रॅकांमध्ये ८६४ सर्व्हर रचलेले होते; किनाऱ्यावरून आलेली केबल त्यांना वीजही पुरवीत होती आणि जगाशी त्यांचा संबंधही राखीत होती. ‘नॉर्दर्न आइल्स’ या नावाचे हे डेटा सेंटर दोन वर्षे तेथे राहिले, आणि तेवढ्या अवधीत त्याच्या अंतर्भागात कोणी मनुष्य गेला नाही. जाण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

जमिनीवरच्या डेटा सेंटरात पहारेकरी असतात, अष्टौप्रहर पाळ्यांनी हजेरी लावणारे तंत्रज्ञ असतात, आणि बंद पडलेली डिस्क काढून तेथे नवी बसविणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय असतो. त्यांना वगळून यंत्रशाळा चालविण्याचा विचार समुद्रापर्यंत येण्यापूर्वीच त्याची निम्मी तयारी झालेली होती, हे मात्र सामान्यतः कोणाच्या ध्यानात येत नाही. सर्व्हरच्या मुख्य पाटीवर एक लहानसा स्वतंत्र प्रोसेसर असतो, आणि मुख्य यंत्र बंद असले तरी तो जागा राहतो. शेकडो मैलांवर बसलेला मनुष्य त्याच्या द्वारे तापमान वाचू शकतो, पंख्याची गती पाहू शकतो, वीज तोडून पुन्हा जोडू शकतो, इतकेच नव्हे तर संपूर्ण प्रणाली नव्याने चढवू शकतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांशी एकाच रीतीने हा व्यवहार करता यावा, म्हणून १९९८ साली इंटेलने अन्य उत्पादकांच्या साहाय्याने आयपीएमआय हे मानक प्रसिद्ध केले. देखरेखीसाठी मनुष्य दाराशी असण्याची निकड तेव्हापासूनच ओसरू लागली होती. हात लावण्याची निकड तेवढी शिल्लक होती.

ती शिल्लकच ऑर्कनीच्या प्रयोगाने निकाली काढली. फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपने पाणबुड्यांत रुळलेली उष्णतावहनाची पद्धत येथे योजली: समुद्राचे थंड पाणी प्रत्येक रॅकच्या पाठीमागील रेडिएटरांतून फिरवून पुन्हा समुद्रात सोडावयाचे. पात्रातील हवा काढून तेथे कोरडा नायट्रोजन भरला, कारण धातूला गंजविणारा प्राणवायू आणि बाष्प हे दोन्ही यंत्राचे छुपे वैरी. २०२० च्या जुलैत शेवाळ, शिंपले आणि समुद्रफुले यांनी मढलेले ते पात्र वर काढले, तेव्हा आतील सर्व्हर बिघडण्याचे प्रमाण जमिनीवरच्या त्यांच्या प्रतिकृतींच्या एक-अष्टमांश भरले. संशोधकांनी याचे संभाव्य श्रेय नायट्रोजनला दिले, आणि त्याच्या जोडीला दुरुस्तीच्या निमित्ताने वावरणाऱ्या माणसांचे धक्के तेथे नव्हते या गोष्टीलाही दिले. घरच्या जुन्या घड्याळाला वारंवार उघडून पाहणाऱ्या हौशी मामाची आठवण यावी, असाच हा अनुमानाचा भाग आहे.

तथापि ‘निर्मनुष्य’ या शब्दाने हुरळून जाण्याचे कारण नाही. श्रम लोप पावले नाहीत, त्यांचा मुक्काम बदलला. जो सर्व्हर पडेल तो दुरुस्त न करता तसाच सोडून द्यावयाचा आणि त्याचे काम उरलेल्यांवर वाटून टाकावयाचे, एवढी तजवीज आधीच करून ठेवावी लागते. म्हणजे तंत्रज्ञाने उद्या करावयाची सगळी चिंता अभियंत्याने झाकण लावण्यापूर्वीच करून संपवावयाची. शिवाय ते झाकण पुन्हा उघडावयाचे, तर गॅन्ट्रीची तराफानौका, रोबो, विंच आणि दुर्मिळ असा शांत समुद्र, इतका सरंजाम लागतो.

आणि माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. पात्र पाच वर्षे न उघडता तळाशी ठेवावे, मग वर काढून नवे सर्व्हर भरावे आणि पुन्हा बुडवावे, अशी मूळ योजना होती. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीने दर दोन-एक वर्षांनी नवी चिप आणि तिच्यासोबत अधिक वीज व शीतन मागणारा नवा रॅक पुढे येत असता, पाच वर्षांची मुदत बांधून घेण्यास आज कोण धजेल? २०२४ साली मायक्रोसॉफ्टने, समुद्राखाली डेटा सेंटरे उभारण्याचे काम आपण आता करीत नाही, असे सांगून टाकले. येथे मिळालेले धडे अन्यत्र उपयोगी पडतील, एवढी पुस्ती मात्र जोडली. त्यांपैकी नायट्रोजनचा धडा जमिनीवर गिरवावयाचा, तर ज्या दालनात मनुष्याला श्वासच घेता येणार नाही असे दालन बांधावे लागेल, आणि तंत्रज्ञाला आत यावयाचे झाल्यास प्रथम हवा भरावी लागेल.