सूक्ष्मदर्शक कुणाकुणाला लागतो?

सूक्ष्मदर्शक म्हटले की आपल्याला कांद्याचा पापुद्रा आणि अमीबा आठवतात. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनाही तो लागतो. कशासाठी?

बिडाचा तुकडा घासून आरशासारखा चकचकीत करतात. तो अपारदर्शक असल्याने उजेड खालून नव्हे, वरून भिंगातूनच टाकावा लागतो. त्यातील ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे दिसले तर त्यांच्या टोकांशी ताण एकवटतो. बीड ठिसूळ असते. तेच गोळ्यांसारखे असले तर बीड चिवट, अगदी क्रँकशाफ्टलाही चालते. दोन्हींतील कार्बनचे प्रमाण जवळपास सारखे असू शकते. भेद आकारात असतो, आणि तो पाहूनच कळतो. गाडीचा भाग रस्त्यात मोडू नये म्हणून ही तपासणी.

मलेरियाचे परजीवी शोधणारा तंत्रज्ञ रक्ताची काचपट्टी सुमारे हजारपट मोठी करून पाहतो. चिप बनवणाऱ्यांना मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, कारण साध्या सूक्ष्मदर्शकात सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. पट वाढवली तर चित्र मोठे होते, स्पष्ट नव्हे.

म्हणून शाळेसाठी सूक्ष्मदर्शक घेताना 'किती पट?' याआधी 'मुलांना काय दाखवायचे आहे?' असे आपण विचारू या.