‘सी-ए-टी’चे ‘कॅट’ होते तरी कसे?

‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हा घोष मराठी शाळांच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि हा घोष सहा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचला. मात्र शंभर शब्दांची स्पेलिंग तोंडपाठ असलेले मूल एकशे एकावा शब्द समोर येताच अडखळते. ‘मराठी शाळेत इंग्रजी येत नाही’ असा निष्कर्ष पालक मग काढतात. प्रत्यक्षात दोष माध्यमापेक्षा पद्धतीचा असतो.

देवनागरीत अक्षराचे नाव हाच बहुधा त्याचा उच्चार असतो. इंग्रजीत तसे नाही. ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. ‘एच’ या नावात तर ‘ह’चा ध्वनीच नाही. शिवाय २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. म्हणून नावाआधी ध्वनी शिकवावा, असे ‘फोनिक्स’ पद्धत सांगते. इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या २००६ सालच्या अहवालाने या पद्धतीचा पुरस्कार केला.

या पद्धतीत मुळाक्षरे ए, बी, सी या क्रमाने येत नाहीत. अनेक अभ्यासक्रमांत एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे प्रथम शिकवतात. कारण एवढ्यांतूनच टॅप, पिन, सॅट, पॅन असे कितीतरी शब्द जुळतात.

येथे मराठी शिक्षकाच्या हाती एक आयते साधन आहे, ते म्हणजे पाय मोडलेले अक्षर. ‘प’ म्हटले की त्यात ‘अ’ मिसळतो आणि ‘प-इ-न’ जोडताना मूल गोंधळते. ‘प्‌-इ-न्‌’ असे म्हटले की ‘पिन’ आपोआप ऐकू येतो. बाराखडी शिकलेल्या मुलाला व्यंजनाला स्वर जोडण्याची कल्पना नवी नसते.

एक फरक मात्र विसरता कामा नये. इंग्रज मुलाने ‘पॅन’ हा शब्द वाचण्यापूर्वी अनेकदा ऐकलेला असतो. मराठी मुलाने तो ऐकलेला असेलच असे नाही. त्यामुळे शब्द आधी चित्रांतून, वस्तूंतून, गाण्यांतून कानी पडायला हवा. अन्यथा उच्चार येईल, पण अर्थ येणार नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’मधील ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही आधी कानालाच कळावा लागतो. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे नियमाबाहेरचे शब्द मात्र थोडेथोडे करून नजरेनेच ओळखीचे करून द्यावे लागतात.

मूल खरोखर वाचते की पाठ केलेले म्हणते, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिल्या इयत्तेत घेतल्या जाणाऱ्या चाचणीत ४० शब्द असतात आणि त्यांतील २० निरर्थक असतात. पालकांनीही शिकवलेल्या अक्षरांतून ‘टॅस’सारखा एखादा निरर्थक शब्द लिहून पाहावा. तो मुलाने वाचला, तर अक्षर आणि ध्वनी यांची गाठ पक्की बसली असे समजावे.