ओढा कोणाचा?

आपल्या राजधानीच्या पाठीशी डोंगरांची रांग आहे आणि समोर समुद्र. ८१२ मीटर उंचीच्या ल पूस डोंगराकडून निघणारा रुइसो दु पूस हा ओढा पोर्ट लुई शहरातून वाहत बंदराला मिळतो. शहर वाढले तसा हा ओढा सिमेंटच्या भिंतींत आणि रस्त्यांखाली दडला. ओढा दिसेनासा झाला म्हणून पाणी मात्र आपली वाट विसरले नाही.

३० मार्च २०१३ रोजी शनिवारी दुपारी दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलीमीटर पाऊस कोसळला. कॉडनजवळचा भुयारी मार्ग आणि जमिनीखालचा वाहनतळ पाण्याने भरला. त्या दिवशी ११ माणसे दगावली. पुढे १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेलेल्या सर्वांनी पाहिल्या.

प्रत्येक पुरानंतर आपण एकच मागणी करतो : सरकारने मोठी गटारे बांधावीत. मागणी चुकीची नाही. पाण्याच्या निचऱ्यासाठी २०१७ मध्ये कायदा होऊन स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. परंतु वाचकहो, गटार पाणी जिरवत नाही, ते पाणी वेगाने पुढच्या वस्तीत नेऊन सोडते. पाणी जिरवते ती मोकळी माती, गवत, झाडांची मुळे आणि पाणथळ जागा. या जागा बुजवून नंतर गटार मागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

आपल्या देशात कायदाही जुना आहे. १९८३ च्या वनविषयक कायद्याप्रमाणे नदीच्या काठाची १६ मीटर, छोट्या नदीच्या काठाची ८ मीटर व झऱ्याच्या काठाची ३ मीटर जागा राखीव असते. तरीही त्या पट्ट्यात कुठे स्वयंपाकघर वाढते, कुठे मोटारीसाठी छप्पर येते. ओढा घराच्या मागे असतो, म्हणून मोडकी खुर्ची, बाटल्या, बागेचा पालापाचोळा तिकडेच फेकला जातो. 'सरकारची जागा' याचा अर्थ आपण 'कोणाचीच नाही' असा करतो. वस्तुतः ती सर्वांची असते.

हिरव्या जागांचेही तसेच. पोर्ट लुईतील कंपनीच्या बागेतील वडाची सावली सर्वांना आवडते. पण शहराच्या उत्तरेस, रिव्हुलेत तेर रूज नदीच्या मुखाशी, चिखल व झुडपे दिसली की पुष्कळांना ती पडीक जमीन वाटते. त्या ठिकाणी उत्तर गोलार्धातून हजारो मैलांचा प्रवास करून पक्षी येतात. २००१ मध्ये या जागेला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. परदेशी पाहुण्यांना तिचे मोल कळते. आपल्या दिव्याखाली मात्र अंधार!

आपले पूर्वज कोकणातून आले. तिकडे पावसाळी ओढ्याला पऱ्ह्या म्हणतात आणि घर बांधताना पऱ्ह्याची वाट सोडून बांधतात. इथे साखरेच्या कोठीवर राबणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी नदीवरच कपडे धुतले, नदीचेच पाणी भरले. त्यांना नदीची ओळख होती. आज आपण गणेश चतुर्थीला वाजतगाजत नदीवर जातो, श्रींचे विसर्जन करतो आणि दुसऱ्या दिवशी तीच नदी विसरतो. ज्या पाण्यात देवाला निरोप द्यायचा, त्यात वर्षभर कचरा टाकणे आपल्या धर्मात बसते का?

मोठ्या योजना सरकार करील. घरापुरते आपण करू शकतो. अंगणात सगळीकडे सिमेंट न ओतता थोडी माती उघडी ठेवावी. ओढ्याकाठची झाडे तोडू नयेत. उन्हाळी पावसाच्या आधी शेजाऱ्यांनी मिळून आपल्या भागातील नाला साफ करावा. जमीन घेताना किमतीबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : पाऊस पडल्यावर इथले पाणी कुठून जाते? आणि मुलांना घराजवळच्या ओढ्याचे नाव शिकवावे. ज्याचे नाव ठाऊक असते, त्याच्यात सहसा कोणी कचरा टाकत नाही.