साकुराचें दान

जपानांत साकुरा नांवाच्या चेरीचीं झाडें परदेशांतील नगरांस व विद्यापीठांस स्नेहाची खूण म्हणून देण्याची चाल आहे. तीं फळांसाठीं नव्हे, फुलांसाठीं वाढवितात. वसंतांत सारें झाड फिकट गुलाबी होतें आणि थोडक्याच दिवसांत बहर गळून जातो. चित्रें पाहून असें झाड आपल्या आवारांत असावें असें विद्यार्थ्यांस वाटल्यास नवल नाहीं. तथापि झाडाचें दान घेणें पुस्तकाचें दान घेण्याइतकें सोपें नसतें.

तोकियोचे नगराध्यक्ष युकिओ ओझाकी यांनीं वॉशिंग्टन शहरास २,००० झाडें पाठविलीं, तीं सन १९१० च्या जानेवारींत पोहोंचलीं. परंतु तपासनिसांस त्यांवर कीड व रोग आढळला आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीनें तीं जाळावीं लागलीं. स्नेह्यानें दिलेली भेट जाळावयाची, हा प्रसंग केवढा अवघड! पण ओझाकींनीं राग मानिला नाहीं. आराकावा नदीकांठच्या उत्तम वृक्षांच्या काड्या निवडून त्यांचीं कलमें बांधविलीं व ३,०२० झाडें पुन्हां धाडलीं. त्यांपैकीं पहिलीं दोन २७ मार्च १९१२ रोजीं लावलीं गेलीं. पुढें १९१५ सालीं अमेरिकेनेंही आपल्याकडील डॉगवुडचीं झाडें जपानास दिलीं.

आतां पारगांवची हवा पाहूं. साकुराच्या कळ्या उन्हाळ्यांत धरतात व हिवाळ्यांत निजून राहतात. सात अंश सेंटिग्रेडच्या आसपासची थंडी शेंकडों तास मिळाली म्हणजेच त्या पुढें उबेनें जाग्या होतात. आपल्याकडे पौषांत पहांटे हुडहुडी भरते खरी. पण दुपारीं घोंगडी बाजूस टाकावी लागते. एवढ्यानें साकुराचें भागत नाहीं. नारायणगांवकडील द्राक्षबागाईतदारांस हें गणित ठाऊक आहे. वेलीचे डोळेही असेच निजतात, म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते त्यांस हायड्रोजन सायनामाईड लावून एकसारखे फोडून घेतात. उंच वृक्षाच्या फांदीफांदीस हा उपचार कोण करीत बसणार?

जपानचा स्नेह आणावयास दुसरी वाटही आहे. पुण्यांत सिंहगड रस्त्यावर सन २००६ मध्यें खुलें झालेलें पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या तीनशें वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर सुमारें १० एकरांत रचिलेलें आहे. तेथें पाणी, दगड व हिरवळ यांची मांडणी हेंच मुख्य लेणें.

आणि निष्पर्ण फांद्यांवर फुललेलें झाडच हवें असेल, तर आपला पळस आहे. त्याचें मूळ खोल जातें. रोप उपटून दुसरीकडे लावणें त्यास मानवत नाहीं. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस पिकलेल्या शेंगा गोळा करून, बी ताजें असतांनाच, पावसाच्या तोंडावर जागच्या जागीं पेरावें.