वाळू इथे, चारा तिथे

दक्षिण अटलांटिक महासागरात, ब्राझील आणि आफ्रिका यांच्या मध्ये असेन्शन नावाचे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 90 चौरस किलोमीटर. ब्राझीलच्या किनाऱ्यालगत चरणाऱ्या हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या दर तीन-चार वर्षांनी अंडी घालायला हे बेट गाठतात. अंतर 2,200 किलोमीटरच्या आसपास, वाटेत विसाव्याला जागा नाही आणि जाताना प्रवाह उलटा. पोहोचल्यावर त्या काही महिने जवळपास उपाशीच राहतात, कारण बेटाभोवती चारा नाही. तशा स्थितीत मादी एका हंगामात पाच-सहा वेळा वाळूत खड्डा खणते आणि दर वेळी शंभरावर अंडी घालते. हे सारे बळ ब्राझीलच्या उथळ पाण्यातले शैवाल आणि समुद्री गवत खाऊन साठवलेल्या चरबीचे.

हिरव्या कासवाविषयी सांगताना मला चाऱ्याची ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कासव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किनारा, घरटे आणि पाण्याकडे धावणारी पिल्ले येतात. पण मादी आयुष्यातले मोजके तासच वाळूवर घालवते आणि नर तर पिल्लू म्हणून एकदा पाण्यात गेला की बहुधा पुन्हा जमिनीवर येतच नाही. वयात यायला या प्राण्याला वीस, तीस, कधी चाळीस वर्षेही लागतात. तो सगळा काळ समुद्रात जातो आणि पहिली काही वर्षे सोडली तर बराचसा चरण्यात. मोठी झाल्यावर प्रामुख्याने वनस्पतींवर जगणारे समुद्री कासव एवढे एकच.

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी 1950च्या दशकात कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर माद्यांना बिल्ले लावायला सुरुवात केली आणि कासवे असेन्शनइतक्या दूर का जातात, या कोड्यानेही त्यांना पछाडले. 1974 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह एक विलक्षण तर्क मांडला: कोट्यवधी वर्षांपूर्वी खंड जवळ होते, तेव्हा अंडी घालण्याची बेटेही जवळ होती, समुद्रतळ रुंदावत गेला तसा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या लांबत गेला. तर्क देखणा होता, पण पुढे जनुकीय पुरावा त्याच्या विरोधात गेला. असेन्शनची वसाहत त्या मानाने बरीच अलीकडची निघाली.

मग वाट सापडते कशी? फ्लोरिडात केनेथ लोमन यांच्या गटाने तरुण हिरव्या कासवांना पाण्याच्या टाकीत ठेवून भोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलले. सुमारे 340 किलोमीटर उत्तरेकडच्या जागेचे क्षेत्र निर्माण करताच ती दक्षिणेकडे पोहू लागली. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वावरून त्यांना आपली जागा कळते. मात्र असेन्शनहून निघालेल्या माद्यांच्या डोक्यावर संशोधकांनी चुंबक बसवून पाहिले, तर त्या तरीही ब्राझीलला पोहोचल्या! हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटावरून उपग्रहाद्वारे माग काढलेल्या 33 माद्यांपैकी काही शेकडो किलोमीटर भरकटल्या, जायचे बेट ओलांडून पुढे गेल्या आणि भर समुद्रात दिशा सुधारून परतल्या. त्यांच्याजवळचा नकाशा ढोबळ असावा. चुका करत, दुरुस्त करत ही कासवे पोहोचतात, आणि मला ते अचूक यंत्रापेक्षा अधिक थोर वाटते.

एवढ्या प्रवासाने आलेल्या माद्यांना असेन्शनवर ब्रिटिश आरमाराचे लोक वाळूतच उलथे करत, तळ्यांत जिवंत ठेवत आणि जहाजांवर चढवत. त्यांच्या हिरवट चरबीचे सूप लंडनच्या मेजवान्यांत मानाचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कत्तल थांबली, आणि 1970च्या दशकापासून पुढच्या सुमारे चाळीस वर्षांत तिथली घरटी सहापट झाली. जगात इतरत्रही किनाऱ्यांवरच्या राखणीला फळ आले. ऑक्टोबर 2025 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने हिरव्या कासवाला ‘धोक्यात’ या वर्गातून काढून ‘किमान चिंता’ या वर्गात ठेवले. ही खरोखर आनंदाची बातमी आहे. तिच्यामागे अनेक दशकांची मेहनत आहे.

धोके मात्र सरलेले नाहीत. अंड्यांभोवतीची वाळू साधारण 29 अंश सेल्सिअसच्या वर गेली की पिल्लांत माद्या जास्त जन्मतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या तरुण कासवांत 99 टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे 2018 मध्ये दिसून आले.

आपल्या लक्षद्वीपची गोष्ट आणखी वेगळी आहे. बेटांवरचे लोक पूर्वी कासवे मारत, त्यांची चरबी लाकडी होड्यांना लावत. कायद्याने शिकार थांबली. या शतकाच्या सुरुवातीला अगत्ती बेटाच्या खाजणात हिरव्या कासवांची दाटी झाली. त्यांनी गवत एवढे खाल्ले की कुरणाची वाढ खुंटली आणि गवतात वाढणारे मासेही घटले. मच्छीमार कासवांवर चिडले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या: एका बेटाजवळचे गवत संपले की कासवे दुसऱ्या बेटाकडे सरकतात आणि तिथेही तेच घडते. कासवांना भीती दाखवून पांगवणारे मोठे शार्क मासेमारीमुळे घटले, हेही यामागचे एक कारण मानले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये टायगर शार्कच्या धाकाने कासवे सगळीकडे बिनधास्त चरत नाहीत, आणि गवताला उसंत मिळते.

यात कासवाला दोष देऊ नये. आपण समुद्राच्या साखळीतला एकच दुवा जपला आणि बाकीचे तुटू दिले. समुद्री गवत ही खरी फुले येणारी वनस्पती आहे. तिची मुळे गाळ धरून ठेवतात, त्या गाळात कार्बन साठतो, माशांची पिल्ले तिच्या आडोशाला वाढतात. तरीही तिच्या नावाने कुठे महोत्सव भरत नाही.

कोकणात 2002 पासून वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी घरटी राखण्याचे जे काम उभे केले, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. ते काम ऑलिव्ह रिडले कासवांचे. हिरवी कासवे कोकणात अंडी घालायला क्वचितच येतात, पण आपल्या पाण्यातून फिरतात. डहाणूच्या उपचार केंद्रात जखमी हिरवी कासवेही दाखल होतात. 2019च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत कासवांचे विणीचे किनारे आणि समुद्री गवताची कुरणे एकाच अतिसंवेदनशील वर्गात आहेत. किनाऱ्यांना कासवमित्र मिळाले, कुरणांना अजून नाहीत. आपल्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा नकाशात घरट्यांच्या खुणांबरोबर गवताचे पट्टेही दाखवले आहेत का, ते जरूर तपासा आणि नसतील तर लेखी हरकत नोंदवा.