एका शब्दासाठी किती पुस्तके?

‘बलुतेदार’ म्हणजे काय, असे विचारणाऱ्या वाचकाच्या हाती एकच पुस्तक देऊन भागत नाही. नुसता अर्थ हवा असेल तर एक ग्रंथ पुरतो. गावात ती पद्धत चालायची कशी, हे हवे असेल तर दुसरा लागतो. तिच्यात कोण भरडले गेले आणि ती मोडली कशी, हे विचारले की तिसऱ्या-चौथ्याकडे वळावे लागते. ‘मराठीत चांगला कोश कोणता?’ असे सरसकट विचारले जाते आणि उत्तरही सरसकटच मिळते. पण प्रत्येक कोश आपल्या काळाला आणि आपल्या कामाला बांधलेला असतो. वाचकाला नेमके काय हवे आहे, हे आधी समजून घेतले तरच सुचवलेला ग्रंथ त्याच्या उपयोगी पडतो. नाहीतर जाडजूड खंड आणला जातो, एकदा चाळला जातो आणि कपाटावर धूळ खात पडतो.

अर्थापासून सुरुवात करायची तर अजूनही मोल्सवर्थचाच कोश आधी उघडावा. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू आणि शास्त्री मंडळी यांच्या मदतीने त्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. आज पुनर्मुद्रणातून मिळतो तो या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर. अर्थ इंग्रजीत असल्यामुळे अनेक मराठी वाचक त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि त्यात त्यांचे मोठे नुकसान होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांच्या तोंडी असलेली मराठी, म्हणजे शेतातली, बाजारातली, माजघरातली, भांडणातली मराठी, या कोशात जितक्या जिवंतपणे उतरली आहे तितकी क्वचितच कुठे सापडते.

यातली ‘बलुतेदार’ ही नोंद सावकाश वाचण्यासारखी आहे. गावाची कामे करून पिकातला वाटा घेणारा, असा एका ओळीत अर्थ सांगून ती थांबत नाही. पाटील-कुळकर्णी यांसारखे सरकारी अंमलदार वेगळे काढून ती बारा जणांची यादी देते आणि त्यांच्या तीन ओळी लावते. त्या ओळींना तिथे ‘कास’ असाही शब्द आहे. सुतार, लोहार, महार आणि मांग ही थोरली कास. कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी ही मधली. भट, मुलाणा, गुरव आणि कोळी ही धाकटी. कास म्हणजे दुभत्या जनावराची कास, हे लक्षात घेतले की गावाचे एक चित्रच डोळ्यांपुढे उभे राहते. नोंदीत वाटाही मोजून दिला आहे. थोरल्या कासेतल्या तिघांना प्रत्येकी चार पाचुंदे, महाराला आठ. मधल्या कासेला तीन-तीन, धाकटीला दोन-दोन. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा धरला तर सुताराच्या वाट्याला वीस पेंढ्या येतात आणि गुरवाच्या वाट्याला दहा. पुढे तेली, तांबोळी, साळी, माळी अशा अलुत्यांची, म्हणजे बलुतेदारांखेरीजच्या जादा हक्कदारांची, यादी येते आणि त्यांचा वाटा ठरलेला नाही, असेही कोश सांगतो. शेवटी, बलुतेदारांच्या निराळ्या याद्याही ऐकायला मिळतील, अशी सूचना तो शिकणाऱ्याला देऊन ठेवतो. ही सूचना फार मोलाची आहे. ‘बारा बलुतेदार कोणते?’ याचे एकच पाठ उत्तर शाळेपासून डोक्यात बसलेले असते. प्रदेश बदलला की यादी बदलते, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या नोंदीतच लिहून ठेवले आहे.

ज्यांना मराठीतूनच अर्थ हवा, त्यांच्यासाठी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी सहकाऱ्यांसह केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि १९५० साली पुरवणी आली. दोन गोष्टींसाठी तो मोल्सवर्थच्या पुढे जातो. एक, जुन्या ग्रंथांतले दाखले. शब्द ज्ञानेश्वरीत कसा येतो, बखरीत कसा येतो, हे तिथल्या तिथे कळते. दोन, प्रांतांच्या खुणा. अर्थाआधी कंसात ‘व.’ दिसले तर शब्द वऱ्हाडातला, ‘गो.’ दिसले तर गोमंतकातला. आजीच्या तोंडचा एखादा शब्द पुण्या-मुंबईत कोणालाच कळत नसेल, तर तो या खंडांत शोधावा. पुष्कळदा तो तिथे त्याच्या गावाच्या खुणेसह सापडतो. म्हणी आणि वाक्प्रचार यांच्यासाठी याच दोघांचा ‘महाराष्ट्र वाक्‌संप्रदाय कोश’ आहे, तो वेगळा पाहावा लागतो. शब्द आला कुठून, हे विचारायचे असेल तर कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ (१९४६) हाताशी ठेवावा. त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती आज मान्य आहे असे नाही, पण शोध सुरू करायला तो चांगला आहे.

जुन्या कोशांत शब्द न सापडण्याचे एक साधे कारण असते, आणि ते सांगितल्याशिवाय कोणालाही जुना कोश देऊ नये. १९६२ सालच्या लेखनविषयक नियमांपूर्वीची मराठी वेगळी लिहिली जायची. आजचे ‘बलुते’ तिथे ‘बलुतें’ असते. अशा एकारान्त नपुंसकलिंगी शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार असतो, आज गाळलेले कितीतरी अनुस्वार तिथे जागेवर असतात आणि ऱ्हस्व-दीर्घही अनेक ठिकाणी निराळे असतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही कोशांत ‘ळ’नंतर अगदी शेवटी येतात, काहींत ‘क’ आणि ‘ज’ यांच्याखाली. म्हणून शब्द मिळाला नाही तर लगेच कोश मिटू नये. आधी सुरुवातीची पाने वाचावीत. वर्णक्रम कसा लावला आहे आणि कोणता संक्षेप कशासाठी वापरला आहे, हे तिथे दिलेले असते. ही चार-सहा पाने बहुतेक जण ओलांडून जातात आणि नंतर संपादकाला दोष देतात.

आता अर्थाच्या पुढचा प्रश्न. महाराला आठ पाचुंदे मिळत, थोरल्या कासेतल्या इतरांच्या दुप्पट. मग तो गावाबाहेर आणि गरिबीत का राहिला? मोल्सवर्थची नोंद याचे उत्तर देत नाही, ते तिचे कामही नाही. इथे त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हाती घ्यावा. १९१५ साली निघालेल्या या पुस्तकात पाटील-कुळकर्ण्यांपासून फिरस्त्यांपर्यंत गावात कोण काय करी, काय घेई आणि कोणाचे कोणावाचून कसे अडे, हे बारकाईने मांडले आहे. भाषा जुनी आहे, पण तिला मातीचा वास आहे. वाचताना एक भान मात्र ठेवावे. आत्रे त्यांच्या काळाच्या आणि स्थानाच्या नजरेने बघतात; भटक्या आणि मागून खाणाऱ्या जमातींबद्दल ते जे लिहितात ते आज तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. माहितीसाठी हे पुस्तक अनमोल आहे, पण त्यातले निवाडे त्यांचे आहेत.

हेच भान, आणि जास्तच, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांना लागू आहे. जेम्स कॅम्बेल याच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्याचे हे इंग्रजी खंड निघाले. रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० साली, ठाण्याचा १८८२ साली, पुण्याचा १८८५ साली. आपल्या तालुक्यात कोणती पिके होत, बाजार कोणत्या वारी भरे, घाट कुठून चढत, कोणता कारागीर काय कमवी, हे शोधायला यासारखे साधन नाही. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने ते इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, त्यामुळे प्रत मिळत नाही ही अडचणही उरलेली नाही. पण त्यातले लोकवस्तीचे प्रकरण उघडले की एकेका जातीला कष्टाळू, आळशी, स्वच्छ, उधळी अशी विशेषणे लावलेली दिसतात. ती राज्यकर्त्यांची आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्यांची मते आहेत. पीकपाण्याचे आकडे घ्यावेत, ही विशेषणे मात्र पुराव्यासारखी वापरू नयेत.

महारकी आतून कशी दिसे, हे कळण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांतला महार वतनाविषयीचा मजकूर वाचावा. १८७४ सालच्या वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात वेळी-अवेळी सरकारी आणि गावकीचे काम करावे लागे, आणि त्या कामाला ना ठरलेले तास होते ना ठरलेला पगार, हे तिथे स्पष्ट होते. ही कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७८ साली, दया पवारांचे ‘बलुतं’ आले. ते आत्मकथन आहे, संदर्भग्रंथ नव्हे. पण मोल्सवर्थच्या आठ पाचुंद्यांवरून ज्याने शोध सुरू केला त्याने तो ‘बलुतं’पर्यंत नेलाच पाहिजे, कारण कोशातला वाटा आणि पदरात पडलेले शिळे तुकडे यांतले अंतर तिथेच कळते.

शब्दकोशाकडून ज्ञानकोशाकडे वळले की निवड अधिक विचाराने करावी लागते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांचा आहे आणि तो १९२०च्या दशकात पुरा झाला. त्यातले पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. अकारविल्हे नोंदी त्यानंतर सुरू होतात. विज्ञान, राजकारण, लोकसंख्या यांवरच्या नोंदी आता केवळ इतिहास म्हणून वाचाव्यात. पण वेदविद्येचा प्रस्तावनाखंड, ग्रंथ आणि संप्रदाय यांच्या नोंदी आणि एकूणच जगाकडे मराठी डोळ्यांनी पाहण्याची केतकरांची जिद्द आजही वाचकाला धरून ठेवते. सगळा कोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकावर उपलब्ध करून दिला आहे. ज्याला एवढे खंड झेपणार नाहीत, त्याने केतकरांचे ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे १९२७ सालचे पुस्तक तरी मिळवून वाचावे. पैसा कसा उभारला, माणसे कशी जमवली, वर्गणीदार कसे मिळवले, याची ती हकीकत आहे, आणि कोश कसा जन्माला येतो हे इतक्या उघडपणे सांगणारे पुस्तक दुर्मिळ आहे.

आजच्या माहितीसाठी ‘मराठी विश्वकोश’ अधिक भरवशाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत हे काम उभे राहिले आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. वीस खंडांतल्या नोंदी आता संकेतस्थळावर शोधता येतात. या कोशातली एक सोय बहुतेकांच्या नजरेतून निसटते. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि अनेक नोंदींखाली संदर्भग्रंथांची यादी असते. जिज्ञासूने नोंद वाचून झाली की ही यादी उतरवून घ्यावी. त्या विषयावरची पुढची दोन-तीन पुस्तके कोणती, हे तिथे एका जाणकाराने आधीच निवडून ठेवलेले असते.

सण, व्रते, दैवते, क्षेत्रे आणि रूढी यांच्यासाठी पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ घ्यावा. त्यांच्या नोंदी गोष्टी सांगितल्यासारख्या वाचता येतात, म्हणून घरातल्या सर्वांना हा कोश आवडतो. मात्र दंतकथा कुठे संपली आणि इतिहास कुठे सुरू झाला, हे वाचकाने स्वतः पारखून घ्यावे. व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश आहेत. पुराणातले एकच नाव असलेल्या चार निरनिराळ्या व्यक्ती वेगळ्या करायच्या असतील तर प्राचीन चरित्रकोश फार उपयोगी पडतो.

एकेका विद्येची स्वतंत्र पुस्तकेही आहेत. पंचांग आणि कालगणना समजून घ्यायची तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) अजून जुने झालेले नाही. व्याकरणाला मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. पक्ष्यांची मराठी नावे जुळवायला मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’. यांतले काहीही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे नसते. सूची पाहावी, हवे ते प्रकरण काढावे, बाकीचे पुढे कधी गरज पडेल तेव्हासाठी ठेवावे.

घरात एकच कोश ठेवायचा असेल आणि इंग्रजीची अडचण नसेल तर मोल्सवर्थ ठेवावा. तो एका खंडात आहे आणि रोज उघडला जाईल. सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ विकत घेण्याआधी वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून पाहावा. हे ग्रंथ बहुधा घरी नेऊ देत नाहीत, त्यामुळे वही-पेन्सिल बरोबर न्यावी आणि नोंदीखाली कोशाचे नाव, खंड आणि पान लिहून ठेवावे. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला घरबसल्या तोच मार्ग सोयीचा.

आणि यांपैकी कशातच न सापडणाऱ्या विषयावर जुने मराठी पुस्तक आहे का, हे पाहायचे असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातली छापील मराठी पुस्तके विषयवार लावली आहेत. शेती, सुतारकाम, घोड्यांचे रोग, पाकशास्त्र, कशावरही कोणी कधी मराठीत लिहिले असेल तर त्याचे नाव, साल आणि लेखक इथे मिळण्याची शक्यता मोठी असते, आणि ते नाव घेऊन मग ग्रंथपालाकडे जाता येते.